फक्त दोनच उरल्या!

मागच्या श्रावणात आमच्या दिवाणखान्यात एक गुरू येऊन बसले. वय असेल चोवीस-पंचवीस. पायांत पांढरे बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चहात साखर नको. माझ्या मुलाने त्यांना दुकानाची वेबसाइट करायला बोलावलं होतं. "मम्मी, तूही बस," मुलगा म्हणाला, "मराठी तुलाच लिहायचंय." म्हणून मी बसले, आणि भाजीच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर गुरूंची तत्त्वं उतरवून घेतली. अमळनेरला मराठी घेऊन बी.ए. केलं तेव्हाही मी इतक्या भक्तिभावाने नोट्स काढल्या नव्हत्या.

आमचं रिंग रोडच्या एका मार्केटात साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळापासूनचं, ठोक विक्रीचं. मुलगा आता फोनवरून किरकोळही विकतो, आणि त्याचं निम्मं गिऱ्हाईक खानदेश-विदर्भातलं. यात नवल नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या बायकांना सुरत कधीच परकी नव्हती. भुसावळकडून येणाऱ्या गाडीत बसायचं, उधन्याला नाहीतर सुरतेला उतरायचं, की झालं. आता गाडीत बसायचीही गरज नाही. अंगठा पुरतो. त्या अंगठ्यासाठी मराठी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

गुरूंचं पहिलं तत्त्व असं, की डोळ्याला टेकायला जागा ठेवायची नाही. माणूस पान उघडतो आणि तीन सेकंदांत पळतो, म्हणून त्याला पळता येणार नाही असं काहीतरी हलत राहिलं पाहिजे. वर लाल पट्टी, ती डावीकडे सरकते. मध्ये पिवळं बटण, ते उड्या मारतं. कोपऱ्यात 'सेल'चा गोळा, तो फुगतो आणि आकसतो, एखाद्या बेडकाच्या गळ्यासारखा. मी म्हणलं, "बाळा, यात साडी कुठंय?" तो म्हणाला, "काकी, साडी तो छे ज. पण पहेलां नजर तो पकडवी पडे ने!" साडी तर आहेच हो, पण आधी नजर पकडायला नको का?

ही हौस जुनी आहे, बरं का. इंटरनेट बाल्यावस्थेत होतं त्या १९९० च्या दशकात नेटस्केप नावाचा ब्राउझर होता. त्यात अक्षरं लुकलुकवायची सोय होती. तिथल्या लू मोंटुली नावाच्या इंजिनिअरने पुढे सांगितलं, की गप्पा मारताना ही कल्पना त्याने गमतीत काढली आणि सहकाऱ्याने रातोरात ती करूनही टाकली. मग जगभर जो तो आपापली अक्षरं लुकलुकवायला लागला. लोक इतके वैतागले की २०१३ साली फायरफॉक्सने ती सोयच काढून टाकली. आपल्याकडच्या सरकारी वेबसाइटवर मात्र तो लाल 'NEW'चा दिवा — माफ करा, 'न्यू'चा दिवा — जुन्या सूचनेपुढेही वर्षानुवर्षं लुकलुकताना मी पाहिलाय. नवरीचा शालू उतरवायचा कुणाला आठवतच नाही.

आणि हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश भराभर लखलखला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. वेबसाइट कशा असाव्यात याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत म्हणूनच लिहिलंय, की कुठलीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये. हे मी गुरूंना सांगितलं. त्यांनी बेडकाचा वेग जरा कमी केला. तेवढं तरी झालं.

दुसरं तत्त्व: वाचू द्यायचं नाही. "काकी, कोई वांचतुं ज नथी." मी चार ओळी लिहिल्या होत्या: कापड कोणतं, धुवायचं कसं, रंग जातो का, ब्लाउजपीस किती. मला वाटलं, साडी घेणारी बाई हेच विचारते. गुरूंनी त्या चार ओळी उचलल्या आणि पानाच्या तळाशी, फिक्कट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत नेऊन ठेवल्या. त्यांच्याच शेजारी 'सेलच्या मालाला रिटर्न नाही' हे वाक्य, तेही राखाडी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक सगळंच ओरडून सांगत नाहीत. आपल्याला जे कळायला हवं, ते कानात कुजबुजतात, आणि कान दुसरीकडे वळावा म्हणून बाकीचा गलका असतो. लग्नाच्या बँडमध्ये नवऱ्यामुलाच्या बापाने हळूच काही मागितलं तर कुणाला ऐकू येणार?

तिसरं तत्त्व नकाराचं. पान उघडताच चौकट येते: मोबाइल नंबर द्या, दहा टक्के सूट घ्या. 'हो'चं बटण हिरवं आणि टपोरं. 'नको' म्हणायचं असेल तर खाली बारीक ओळ असते, ती मला लिहायची होती. मी लिहिलं, 'नको, धन्यवाद.' गुरू हसले. म्हणाले, असं लिहा: 'नको, मला महागच साडी आवडते.' म्हणजे नाही म्हणणाऱ्या बाईला जरा लाज वाटली पाहिजे. मी म्हणाले, "माझ्या दारात आलेल्या बोहारणीलासुद्धा मी असं बोलत नाही." तरी लिहिलं मी ते. हो, लिहिलं. हा लेख नुसता दुसऱ्यांवर आहे असं समजू नका.

कारण पुढचं तर ऐका. गुरूंना वीस मराठी बायकांची नावं हवी होती आणि वीस गावांची. कशासाठी? तर दर थोड्या वेळाने पानाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी उगवते: 'शेगावच्या अमुक ताईंनी ४ मिनिटांपूर्वी ही साडी घेतली.' ताई नाही, साडी घेतलेली नाही, ४ मिनिटंही नाहीत. यंत्र एक नाव उचलतं, एक गाव उचलतं आणि जोडी लावतं. मला दुपारची झोप येत होती. मी शाळेतल्या मैत्रिणींची नावं सांगत गेले, तो टाइप करत गेला. त्यांतली एक वारलीय. तिलाही आमच्या वेबसाइटने दिवाळीपर्यंत कितीतरी साड्या विकल्या.

आणि सगळ्यांत वर, लाल पट्टीत, माझंच वाक्य: 'फक्त दोनच उरल्या!' आणि शेजारी घड्याळ. दहा मिनिटांचं. सेकंद उलटे पळतात. त्याच साडीचे गोदामात तीनशेच्या वर नग होते, मी स्वतः गठ्ठे पाहिलेले. एकदा पान उघडं ठेवून मी वरण उतरवायला गेले. परत येते तो घड्याळ शून्यावर आलेलं. म्हणलं, आता काय होतंय बघू. काही झालं नाही. घड्याळ पुन्हा दहावर जाऊन बसलं आणि नव्या दमाने पळायला लागलं. यमराजसुद्धा इतक्या वेळा मुदत वाढवून देत नसेल.

तेव्हा मी हसले होते. दिवाळीच्या दोन आठवडे आधी दोंडाईच्याहून माझ्या मावशीचा फोन आला, तेव्हा हसू गेलं.

मावशी शहात्तर वर्षांची. नातवाने तिला मोबाइल घेऊन दिलाय. रात्री झोप येत नाही, तेव्हा ती त्यात साड्या बघते. आमच्या मुलाने नात्यातल्या सगळ्यांना वेबसाइटचा पत्ता पाठवलेला, तो तिलाही आलेला. तिने रात्री साडेबारा वाजता तीन साड्या घेतल्या, पैसेही भरले. एक हवी होती. "दोनच उरल्यात असं दाखवत होतं ना पोरी, म्हणलं पोरीच्या हळदीला राहून गेली तर? घड्याळ पळत होतं. म्हणून चष्मा शोधत बसले नाही." चष्मा नाही, म्हणून राखाडी अक्षरं दिसली नाहीत. म्हणून रिटर्न नाही हे कळलं नाही. म्हणून प्रत्येक साडीमागे ९९ रुपयांचं फॉल-पिको तिच्या नावावर आपोआप चढलं होतं तेही कळलं नाही. त्या चौकोनात खूण आम्हीच आधी करून ठेवली होती. आणि मग ती म्हणाली, "पण तुमचा माल एवढा भराभर खपतोय हे बघून बरं वाटलं गं. जीव निवला."

माझ्या मावशीचा जीव माझ्या थापेने निवला होता.

याच मावशीबरोबर मी लहानपणी सुरतेला बस्ता फाडायला आलेली आहे. तुमच्यापैकी ज्या खानदेशातल्या आहेत त्यांना ते दृश्य डोळ्यांपुढे येईल. पांढरी गादी, तक्क्याला टेकलेले शेठ, समोर बसलेल्या सात-आठ बाया. माणूस एकेक साडी झटकून उलगडतो, पदर खांद्यावर टाकून दाखवतो. चहा येतो. दुसरा चहा येतो. पन्नास-साठ साड्यांचा ढीग पडतो आणि मावशी म्हणते, "ती पहिली होती ती दाखवा बरं पुन्हा." उजेडात नेऊन बघायची. काठ चुरगाळून बघायची. अर्धा दिवस जायचा, शेवटी पाच साड्या व्हायच्या, आणि शेठ घडी घालता घालता हसत म्हणायचे, जेवून जा. तिथे कुणी घड्याळ लावलं नव्हतं. ती बाई, जिने उभ्या जन्मात घाईने एक पोलकंसुद्धा घेतलं नाही, तिला आम्ही रात्री साडेबाराला बिनचष्म्याची पळवली.

मी घरात विषय काढला. उत्तर आलं ते तुमच्याही घरात येईल, म्हणून सांगून ठेवते. एक, सगळेच करतात. दोन, बाजारात काय ओरडत नाहीत? चौटा बाजारात जा, कान किटतात.

पहिल्याला मी उत्तरच देत नाही. दुसऱ्याला देते. चौटा बाजारात मी गेली तीस वर्षं जाते. तिथला भैया ओरडतो, 'ले जाओ, ले जाओ, आखरी माल!' पण तो ओरडतो तेव्हा मालाचा ढीग माझ्यापुढे असतो. आखरी आहे की नाही हे मला दिसतं. त्यालाही माहीत असतं की मला दिसतंय. ते ओरडणं म्हणजे निम्मं गाणं असतं. मी दोन पावलं पुढे गेले की त्याचा आवाज मागे राहतो. शिवाय त्याला माझं तोंड दिसतं. समोर म्हातारी उभी असेल, गोंधळली असेल, तर तोच भैया आवाज खाली आणून म्हणतो, 'माजी, आराम से देखो.' वेबसाइटला तोंड दिसत नाही. ढीग तिने गोदामात लपवलेला असतो. आणि तिचा आवाज माझ्या उशाशी, रात्री साडेबाराला, माझ्याच हातात असतो. याला बाजार म्हणायचं, तर मग घरात शिरणाऱ्यालाही गिऱ्हाईकच म्हणा.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येते. आपण सामायिक घेऊन बसतो. अठ्ठेचाळीस मिनिटं, दोन घडी. पूर्वी वाळूची घडी पुढे ठेवायचे, आता बऱ्याच जणी मोबाइल दूर ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघतात. तेही घड्याळच आहे, तीही मुदतच आहे. पण ती वाळू कुणाला पळवत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की झाली. वाळू खोटं बोलत नाही, पुन्हा आपोआप उलटी होऊन बसत नाही. मावशीच्या फोननंतर पक्खीच्या प्रतिक्रमणाला मी बसले होते. तिसऱ्या व्रताचे अतिचार आले. चोराला साह्य करणं, चोरीचा माल घेणं, आणि मग कूडतोल, कूडमाप. खोटं वजन, खोटं माप. आणि त्याच्या पाठोपाठ, एक दाखवून दुसरं देणं. वर्षानुवर्षं हे शब्द तोंडातून जातात. मी दरवेळी मनात म्हणायची, चला, हा आपल्याला लागू नाही. आमच्या सासऱ्यांचा तर दरारा होता: कापड मोजताना माणसाने गजावर अंगठा आत घेतला तर ते सगळ्यांदेखत पुन्हा मोजायला लावायचे.

त्या दिवशी मात्र मी अडखळले. दहा मिनिटं म्हणून सांगायचं आणि ती दहा मिनिटं नसायची, हे खोटं माप नाही तर काय? तीनशे असताना दोन सांगणं हे खोटं वजनच की. शास्त्र लिहिणाऱ्यांनी तराजू आणि गज पाहिले होते, टायमर पाहिला नव्हता, एवढाच फरक. आपण कांदा-लसूण निवडताना डोळ्यात तेल घालून बघतो, सूर्यास्ताची वेळ पंचांगात मिनिटापर्यंत तपासतो. मग दुकानाच्या पानावरचं मिनिट कुणी तपासायचं? आणि मला म्हणायचंच आहे तर म्हणते: या घरांमधला तूप-गूळ त्याच पानांमधून येतो. ते पुरुषांचं खातं आहे असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मी तर मराठी लिहून दिलेलं.

मुलाला शास्त्र सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला, मम्मी, कायद्यात कुठंय? मग मी कायदा शोधला. आणि काय सांगू, गुरूंची सगळी तत्त्वं मला सरकारच्या राजपत्रात सापडली! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी नियम काढलेत. अशा फसव्या मांडणीला ते 'डार्क पॅटर्न' म्हणतात. हॅरी ब्रिग्नल नावाच्या इंग्रज माणसाने २०१० साली हे नाव पाडलं. नियमांच्या शेवटी तेरा प्रकारांची यादी आहे. पहिलाच प्रकार खोटी घाई: माल संपत आलाय, खूप लोक घेताहेत, असं खोटं दाखवणं. म्हणजे आमचं घड्याळ, आमच्या 'दोनच' साड्या आणि माझ्या मैत्रिणी, तिघीही त्यात. मग न विचारता कार्टमध्ये काही टाकणं: आमचं फॉल-पिको. मग नकार देणाऱ्याला लाजवणं: 'मला महागच साडी आवडते.' मग महत्त्वाची माहिती झाकून डोळा दुसरीकडे वळवणं: राखाडी मुंग्या. तेरापैकी चार आमच्या एका पानावर. ही यादी मी वहीच्या त्याच पानावर, गुरूंच्या नोट्सशेजारी लिहिली आणि वही जेवणाच्या टेबलावर ठेवली.

बायांनो, ही सगळी खटपट कुणाला उद्देशून आहे ते ओळखा. दुपारी आवराआवर झाल्यावर जी अर्धा तास पाठ टेकते, तिला. तिच्या हातात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ असतो, आणि त्यातच हे घड्याळ घेऊन शिरतात. एक युक्ती सांगते. घड्याळ पळायला लागलं की पान बंद करा, चहा टाका, पिऊन या, पुन्हा उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असेल तर समजा, ते घड्याळच नव्हे. पैसे भरण्याआधी पानाच्या तळाशी जा आणि चष्मा लावून जा. आधीच खूण केलेले चौकोन शोधा. फसलात तर १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ज्यांच्या घरात साड्यांचं, दागिन्यांचं, मसाल्याचं असं पान आहे त्यांनी एकदा आपलंच पान गिऱ्हाईक होऊन उघडून बघा. नुसतं बघा.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलगा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी मावशीला फोन करून त्याने दोन साड्या परत मागवल्या, फॉल-पिकोचे पैसे पाठवले. मैत्रिणींची नावं काढली. लाजवणारी ओळ काढली. रिटर्नचं वाक्य वर आलं, काळ्या अक्षरांत. घड्याळावर जरा झाली बोलाचाली, पण गेलं. बेडूक अजून आहे. मी त्याच्यावर सध्या काही बोलत नाही.

'फक्त दोनच उरल्या'च्या जागी आता गोदामाचा खरा आकडा दिसतो. त्या पिवळ्या साडीपुढे पहिल्या दिवशी आला: ३१२ शिल्लक. मुलगा म्हणाला, "हे बघून कोण घेणारे, मम्मी?"

संध्याकाळी मावशीचा फोन. "अगं, तीनशे बारा आहेत म्हणे! मग मी आत्ता कशाला घाई करू? धाकटीसाठी बघते सावकाश, संक्रांतीनंतर."

फोन स्पीकरवर होता. मुलगा जेवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याला आणखी एक पोळी वाढली.